खुर्च्यांचं एकमत

नाही, नाही, त्या खुर्चीवर नको, सिस्टर — ती कर्तव्याची. तुम्ही पलंगाच्या कडेला बसा, दादाचा आत्ताच डोळा लागलाय. हसताय? हसा. विद्यापीठात पोरंही हसायची. नीतिशास्त्राचा तास म्हणजे सरांची संगीत खुर्ची! ही कर्तव्याची, ती परिणामांची, खिडकीजवळची करुणेची, आणि ही डुगडुगणारी परक्यांची — म्हणजे ज्यांचं बरंवाईट आपल्यापेक्षा वेगळं, त्यांची. जिच्यात बसाल तिच्याच बाजूनं बोलायचं, मनात काही का असेना. एक वात्रट मुलगी विचारायची, सर, गाणं थांबलं की बाहेर कोण जाणार? मी म्हणायचो, आपल्या खेळात कुणीच नाही.

आता पोरं नाहीत, म्हणून मीच बसतो, आळीपाळीनं. रोज सकाळी, दादाचं अंग पुसून झालं की. प्रश्न एकच — हे असं कुठवर चालवायचं? वाचा गेली, अर्धं अंग लुळं... कर्तव्याची म्हणायची, थोरला भाऊ, बापाच्या जागी. परिणामांची विचारायची, यात भलं कुणाचं होतंय? रोज नुसती भांडणं. आणि खरं सांगू का, मला बरं वाटायचं — भांडण चाललंय तोवर काही करावं लागत नाही ना.

आज चौघींचं एकमत झालं — आता पुरे.

वर्गात मीच सांगायचो, सगळ्या खुर्च्या एका सुरात बोलल्या की घाबरा, बोलणारा एकच आहे. सांगायचो खरा. पण माझी पाठ, माझे गुडघे, माझी झोप — त्यांचा इथे काय संबंध? त्यांना मी खुर्ची दिलेली नाही. निदान मुद्दाम तरी नाही.

काय म्हणालात? दादाची खुर्ची कुठली? अहो, तो पलंगावर... तो बसणार कसा? — सकाळी त्यानं माझी बाही धरली होती. चांगल्या हातानं, घट्ट. सोडेचना. मी समजलो, निरोप घेतोय. दुसरं काय असणार? नको, सांगू नका. आणखी एक मत आता मी कुठे बसवू?

हे काय — जागा झाला? तुमचीही बाही धरली?

हळूच सोडवा. एकेक बोट. असं.

ती झोपेच्या औषधाची बाटली राहू द्या तिथेच. आजचं औषध मी देईन. म्हटलं ना, मी देईन. या तुम्ही, सिस्टर. आणि जाताना दार ओढून घ्या.