मधले दात

मिस्त्री : नाही वहिनी, हे ग्रीस भरून भागणारं काम नाही. स्टिअरिंग चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठे टायरला खबर लागते.

वहिनी : सरकारी खातंच म्हणा की.

मिस्त्री : हा बघा रॅक. दातांचा दांडा. स्टिअरिंग फिरवलं की हा डावी-उजवीकडे सरकतो, मग चाकं वळतात. मधले दात पार झिजलेत, कडेचे मात्र कोरे करकरीत. बत्तीस वर्षं गाडी जास्त करून सरळच चालली ना.

वहिनी : हेही तसेच होते. वळायची वेळ आली की मला विचारायचे.

मिस्त्री : नवा रॅक मागवलाय, पण यायला दोन महिने. आणि तुमचे दीर येणार आज.

वहिनी : पाचच्या आत. कोर्टातल्या तडजोडीत तसं लिहिलंय. घर मला, गाडी त्यांना. स्वतः चालवून बघायची आणि न्यायची. आज नेली नाही, तर हक्क संपला.

मिस्त्री : मग अशीच द्या. पुढचं त्यांचं ते बघतील.

वहिनी : म्हणजे काहीच उपाय नाही?

मिस्त्री : एक आहे, पण त्याला उपाय म्हणवत नाही. हा स्क्रू दिसतो? अर्धा फेरा आवळला की मधला प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, गायब. सरळ रस्त्यावर गाडी शोरूममधून काढल्यासारखी. फसवून गाड्या विकणारे हेच करतात.

वहिनी : आणि वळताना?

मिस्त्री : तिथेच तर मेख आहे. कडेचे दात जाड राहिलेत. पूर्ण वळवलं की ते आवळलेल्या जागेत अडकून बसतात. वळलेली गाडी परत सरळ होत नाही.

वहिनी : पण सरळ रस्त्यावर कळत नाही.

मिस्त्री : अजिबात नाही.

वहिनी : त्यांच्या बंगल्याकडे जाताना घाट लागतो. वळणं किती हो?

मिस्त्री : अकरा. ...वहिनी, मला आकडा पाठ आहे, याचा भलता अर्थ काढू नका.

वहिनी : आठ महिने हे अंथरुणाला खिळलेले. सख्खा भाऊ एकदा फिरकला नाही. हे गेले आणि चौथ्या दिवशी किल्ली मागायला दारात हजर. तेही गिळलं मी. पण कोर्टात, शपथेवर, काय सांगितलं? घर मिळावं म्हणून मी यांची औषधं बंद केली! चमच्याने भरवत होते हो मी.

मिस्त्री : मी साक्षीला उभा राहिलो, तर मला म्हणाले, गॅरेजवाल्याच्या बोलण्याला ऑइलचा वास येतो.

वहिनी : मग आवळा.

मिस्त्री : तुम्ही सांगताय म्हणून आवळतो.

वहिनी : मी कुठे सांगितलं? मी आपलं म्हटलं.

मिस्त्री : असं नाही चालायचं. पाना माझ्या हातात आहे, निदान शब्द तरी तुमचा हवा.

वहिनी : मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

मिस्त्री : योग्य वाटेल ते करायचं म्हटलं, तर आवळायचा नाही.

वहिनी : मग अयोग्य वाटेल ते करा! सगळं मीच सांगायचं का?

(पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज. थोड्या वेळाने फाटकाशी हॉर्न.)

दीर : काय वहिनी, आल्या आल्या पाठ?

वहिनी : या भावजी. गाडी तयार आहे.

दीर : दादाने जपली मात्र हिला. लोक माणसांना इतकं जपत नाहीत.

वहिनी : नाही जपत.

दीर : मिस्त्री, किल्ली आणा. स्वतः चालवून घेणार मी. नंतर कटकट नको.

मिस्त्री : गल्ली अरुंद आहे साहेब. टोकापर्यंत सरळ जा आणि तसेच मागे या.

वहिनी : ...गेले.

मिस्त्री : सरळ गेले.

वहिनी : बोलू नका आता काही.

दीर : वा! हात सोडून बघितलं, रेष सोडत नाही. मी उगाच म्हणत होतो, वहिनी काहीतरी खोट ठेवणार. आणा तो ताब्याचा कागद, सही करतो.

वहिनी : पेन आहे ना?

दीर : आहे, आहे. खरं तर या वयात मला कशाला हवीय जुनी गाडी? आमच्या चिमीचा हट्ट. काकांची गाडी, काकांची गाडी, डोकं खाल्लंय नुसतं. उद्यापासून तीच नेणार कॉलेजला.

वहिनी : चिमी चालवणार?

दीर : घाट पाठ आहे पोरीला.

मिस्त्री : वहिनी...

वहिनी : ऐकलं मी. भावजी, सही राहू द्या. गाडीत बसा परत.

दीर : आता काय आणखी?

वहिनी : इथेच, अंगणात. अगदी हळू. डावीकडे वळवा. पूर्ण.

दीर : ही घ्या वळवली. झालं समाधान? ...सरळ का होत नाहीये ही? अहो मिस्त्री, स्टिअरिंग हलत नाहीये!

मिस्त्री : ब्रेक दाबा.

दीर : भिंत! भिंत आली!

मिस्त्री : भिंत आहे तिथेच आहे साहेब. ब्रेक दाबा.

दीर : अरे, मारायला बसलात काय मला? घाटात हे झालं असतं तर? फुकटसुद्धा नको हा खुळखुळा!

वहिनी : तेवढंच लिहून द्या.

दीर : देतो की! 'स्वतः चालवून पाहिली, मला नको.' ही सही. झालं? म्हणजे कोर्टात मी तुमच्याबद्दल बोललो, ते खोटं नव्हतं तर.

वहिनी : तेव्हा होतं.

दीर : ...जातो मी.

मिस्त्री : गेले. बघा, गाडी राहिली तुमच्याकडे. स्क्रू लगेच ढिला करून टाकतो.

वहिनी : करा.

मिस्त्री : वहिनी, एक विचारू? चिमीचं नाव निघालं नसतं तर?

वहिनी : साबण कुठे ठेवता तुम्ही?

मिस्त्री : नळापाशी. पण तुम्ही तर कशाला हातसुद्धा लावला नाहीत.

वहिनी : नळापाशी म्हणालात ना?