वेन्डलची दुसरी बातमी

ड्रीमा : "वेन्डल स्टिल्टनर, वय एकतीस, यांचे हृदयविकाराने राहत्या घरी निधन." आई, पेपरात हे तूच दिलं होतंस ना?

ऑर्फा : मीच. तुझा बाप पेन धरायच्या अवस्थेत होता का?

ड्रीमा : ते कात्रण त्या वेदनेच्या गोळ्यांच्या कंपनीच्या वकिलाला सापडलंय. उद्या चार्ल्स्टनच्या कोर्टात तुझ्यापुढे धरणार. म्हणणार, मृत्यूच्या दाखल्यावर गोळ्या, आई म्हणते हृदय. ही बाई तेव्हा खोटं बोलली की आता बोलतेय?

ऑर्फा : तेव्हा बोलले.

ड्रीमा : आपल्या वकीलबाई म्हणाल्या, तीनशे घरांचा दावा तुझ्या नावानं उभा आहे. तू डगमगलीस तर सगळ्यांचं नुकसान. हवं तर तुझ्या जागी दुसरं कुणी साक्ष देईल.

ऑर्फा : कोण? लोरीन? तिनं स्वतःच्या पोरीच्या बातमीत "झोपेतच देवाघरी" छापलंय. अगं, या खोऱ्यात सगळ्यांनी तेच केलंय.

ड्रीमा : कंपनीवाल्यांना माहितीये ना ते! आपली लाज त्यांच्या कामी येते.

ऑर्फा : लाज कसली? खाणीचं छत कोसळलं तेव्हा माझ्या पोरानं दोघांना ओढून काढलं, मग पाठ मोडून स्वतः बाहेर आला. गोळ्या काय चोरल्या होत्या त्यानं? डॉक्टरनं लिहून दिल्या. सवय लागत नाही, असं कंपनी छातीठोकपणे सांगत होती. आणि तोंड लपवलं कुणी, तर मी!

ड्रीमा : रडू नकोस गं.

ऑर्फा : रडत नाहीये, चिडलेय. पेपरवाले बातम्या किती वाजेपर्यंत घेतात?

ड्रीमा : पाचपर्यंत. का?

ऑर्फा : लिही. "वेन्डल स्टिल्टनर, खाणकामगार. चार वर्षांपूर्वी वेदनेच्या गोळ्यांनी गेला. हृदयविकार मी लिहिला होता, तो खोटा. मला त्याचा अभिमान आहे. त्याची आई."

ड्रीमा : वकीलबाई ओरडतील.

ऑर्फा : ओरडू दे. फोन दे इकडे. कुणी आजारी पडलं की चर्चच्या बायकांना प्रार्थनेसाठी पहिला फोन मीच करते ना? मी लोरीनला, लोरीन पुढचीला. आज सांगते, प्रार्थना नंतर करा, आधी पेपरात फोन करून आपापली खरी बातमी द्या.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टाच्या पायऱ्यांवर.)

ड्रीमा : आई, पेपर बघितलास?

ऑर्फा : चष्मा गाडीत राहिला. आली का आपली?

ड्रीमा : आली. तिच्याखाली लोरीनची. मग मागचं अख्खं पान. एकोणीस आहेत गं.

ऑर्फा : गाडीतून चष्मा आण, मग चल आत. न्यायाधीशांपुढे मीच वाचून दाखवते. माझ्या पोरापासून सुरू करते.