मागच्या बाईचा श्वास

सन्माननीय अध्यक्ष वामनराव, व्यासपीठावरचे मान्यवर, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आपली निलोफर, आणि एकेकाळी जिना पाहूनच घाबरणाऱ्या माझ्या भगिनींनो,

मी पंचफुला. पिलाटेस या व्यायामाचे फायदे सांगायला मला उभं केलं आहे. कंबर मोकळी होते, पोटाचे स्नायू पाठीला आधार देतात, तोल सांभाळला जातो, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. माझीही पाठ सरळ झाली. पण ती वाकली कशानं, हे न सांगता फायदा कसा कळणार?

मानीबाई माझी जाऊ. एका चुलीवर दोघींनी जन्म काढला. तिचा जीव जाताना रिवाजाप्रमाणे तिला खाटेवरून भुईवर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. श्वास बाहेर गेला. आत येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. तेव्हापासून जमिनीला पाठ टेकली की तोच श्वास कानाशी यायचा. खोटं कशाला बोलू, मी भिंतीला टेकून, बसूनच झोपू लागले. मान आखडली, पाठ वाकली, छाती दबून गेली.

अशात निलोफर हा व्यायाम शिकून पुसदला परतली. समाजमंदिरात चटया अंथरल्या आणि म्हणाली, 'उताणं झोपा, हात बाजूला.' आम्ही कसल्या झोपतो? पाय नेमके दक्षिणेकडे. आमच्यातली रुपीबाई म्हणाली, 'अवो मॅडम, असं तं मेल्यावर ठेवतेत. आतापासून कायले?' पोर हसली नाही. सगळ्या चटया फिरवल्या. 'आता तं झोपसान?'

मी तरी बसूनच. मग ती माझ्याशेजारी आडवी झाली, माझा हात माझ्याच फासळ्यांवर ठेवला. 'मावशी, नाकानं घ्या, तोंडानं सोडा. सोडून झाला की घाई नका करू. पुढचा आपोआप येतो.' आपोआप? मानीबाईचा आला नव्हता. मला रडू कोसळलं. पण माझा आला हो. आता मी घरीही आडवी झोपते. माझ्यापुरता हाच फायदा.

एक गोष्ट मात्र आजवर बोलले नाही. वर्गात सगळ्या मिळून श्वास सोडतो. सगळ्यांचा संपला, की मागच्या भिंतीकडून आणखी एकीचा ऐकू येतो. सावकाश, बाहेर जाणारा. मला वाटायचं, माझ्याच कानांचा खेळ. पण निलोफर नेहमी तो संपल्यावरच पुढचं सांगायची. काल विचारलं, 'बेटा, कोणासाठी थांबतेस?' तर सहज म्हणाली, 'मागच्या बाईचं होऊ द्या ना, मावशी.' माझ्या मागे भिंतच होती.

आता ती लग्न होऊन अकोल्याला चालली. 'वर्ग तुम्हीच घ्या,' म्हणते. मी नाहीच म्हणणार होते. ती नसताना मला पाठ टेकवेल का, हीच धास्ती. पण वर्ग बंद पडला तर मागच्या बाईनं जायचं कुठं?

म्हणून सोमवारपासून मी घेईन. भिंतीपाशी एक चटई जास्तीची अंथरीन. तिचा श्वास सोडून झाला की मीही थांबेन. तो आत आलेला ऐकल्याशिवाय पुढचं सांगणार नाही.

निलोफर, सुखी राहा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी भलतंच बोलून गेले असेन तर पोटात घाला.