तिसरा पुकारा

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या बाकावर भाऊ-बहीण बसले होते, एकाच दाव्यातले वादी-प्रतिवादी. पंखा स्वतःच्याच तंद्रीत फिरत होता.

"मागच्या तारखेला कुठं होतास, दादा?"

"दुकानात. झोप लागली."

"तारखेच्या दिवशी?"

"आईच्या मागं राहिलेली जुनी गादी उसवली, कापूस पिंजून नवी भरली. गादी भरली की मी पडून बघतो, पाठीला गाठ लागते का. एकही नव्हती गं."

"इथं शिपायानं तीनदा पुकारलं. तू नाहीस म्हणून एकतर्फी निकाल लागला. वरची खोली माझी झाली."

"तेव्हाच स्वप्नात मला आई हाका मारत होती. वरच्याच खोलीतून, जेवायला. म्हटलं, आलोच, आणि कूस वळवली."

"लहानपणीही हेच. तुझं ताट निवायचं आणि बोलणी मला बसायची."

"निकाल रद्द व्हायला सबळ कारण लागतं. वकील म्हणाले, ताप होता म्हणू."

"मग?"

"मी अर्जात झोपच लिहायला लावली."

"वेडा आहेस. आज चुकलास तर खोली गेलीच समज."

"म्हणून तर काल डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

हळूहळू भावाची मान बहिणीच्या खांद्यावर आली.

शिपायानं दारात येऊन त्याचं नाव पुकारलं. ती हलली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, तशी ती भावाच्या कानाशी वाकली.

"दादा, ऊठ. आई हाक मारतेय. कूस नको वळवूस."