या फांद्या राहू द्या

नाही म्हणजे नाही, आधी झाडावरून खाली उतरा. मुलानेच बोलावलंय तुम्हाला फांद्या तोडायला, माहितीये मला — पण मला विचारलं का कुणी? या घरात मला फक्त चहात साखर किती, एवढंच विचारतात. आणि पाय बघा कुठे ठेवताय! गवत नाही ते, फर्न आहेत.

ऊन येत नाही, अंधारकोठडी झालीये, असं सांगितलं ना त्याने? अहो, या सावलीत गुलाब लावले, शेवंती लावली — सगळ्यांनी माना टाकल्या. शेवटी सुनेने हे आणले. पहिली खेप सडली. का? तर आम्ही हौसेने कोंबासकट पुरले. ती रडली, हा हसला — हसण्यात हुशार आहे माझा मुलगा. मग तिनेच शोधून काढलं, मधला कोंब उघडा ठेवायचा, मुळांशी पाचोळा पसरायचा, पाणी मातीला घालायचं, पानांवर नाही. थंडीत पानं तांबूस होऊन आडवी पडतात, वाटतं गेलं आता — आणि मग मधून मुठी आवळून नवी पानं वर येतात. चिवट हो, भलते चिवट! फक्त दुपारचं ऊन सोसत नाही. या फांद्या उतरवल्यात की करपलेच समजा.

सून? नाही, कामावर नाही गेली. वेगळे झाले दोघं. का — ते मला काय विचारता, मला तरी कुठे कोण सांगतंय! आणि आता याला अंगणात हिरवळ हवीये. हिरवळ कसली — तिने लावलेलं काही डोळ्यांसमोर नको, एवढंच.

मग निगा कोण राखतं? मी? हे गुडघे बघा माझे! ती येते. हा बाहेर पडला की मागच्या फाटकाने. “आई, पाचोळा बदलायला आलेय,” म्हणते. बदलते, आणि मग माझ्या पायाची नखं कापून देते — मला वाकता येत नाही ना. पोटच्या पोराला दिसली का कधी माझी नखं? आता फर्नच जळले, तर ती काय सांगून येणार? सासूला भेटायला आले म्हणून? कुठली सासू, कोणाची —

हे त्याला सांगू नका हं. म्हणजे... नाही, थांबा. मीच सांगते आज. तुम्ही दोर गुंडाळा आणि निघा. निघा म्हटलं ना!