डोंगराचं लुगडं

बसा की सायेब, कुटं निघालासा येवढ्यात — अजून तांब्यात ताक हाय, घ्या. उनाचं कुटं डोंगर चढताय. तर मी काय म्हंत हुते — व्हय, नवसाचं. तुमी पडला सांगली शेरातलं, फॉरेस्टात नोकरी लागली आन कडेगावच्या रानात आलासा, तुमाला आमच्या वाडीचं ठावं नसनार. आमच्यात बाईला मूल झालं न्हाई की ती डोंगराला बोलती — माजी कूस उजवू दे, तुला लाल लुगडं नेसवीन. आन लुगडं म्हंजी काय, तर वणवा. शिमग्याच्या सुमाराला वाळल्या गवताला काडी लावायची, पायथ्यापासनं जाळाचा काठ वर वर चढत जातो. आईनंच लावायचा, लेकरू काखंत घिऊन. दुसऱ्या कुनी लावला तर नवस फिटत न्हाई.

माजी सून शालू दुष्काळात बोललीवती. ह्याच पायथ्याला खडी फोडत हुतो दोघी, माजा ल्योक ज्ञानू तवाबी पलटनीत आन आताबी पलटनीतच. गेल्या दिवाळीला पोरगी झाली. पर लुगडं ऱ्हायलं. का ऱ्हायलं? तर तुमी हितं राखन बसलायसा म्हनून — रागावू नगा. वर तुमची रोपं हायती, ठावं हाय मला. तुमी म्हंतासा, जाळल्यानं माती उघडी पडती, पैल्याच पावसात वढ्याला जाती, चंडोलाची अंडी भाजत्यात, सशाची पिल्लं मरत्यात. खरं हाय, मी बगितल्यात की भाजल्याली. आमची मानसं म्हंत्यात, जाळल्याबिगर कवळं गवत फुटत न्हाई, वाळल्या कुसळाला गुरं तोंड लावत न्हाईत — जाऊ द्या, गवताचं मला काय करायचंय. माज्या नातीचा ताप उतरंना झालाय, सायेब. डागदर झाला, सुई झाली, अंगारा झाला. अंगाची नुसती भट्टी, दूध वढंना, डोळं उघडंना. डोंगर आपलं लुगडं मागतोय, दुसरं काय. न्हाई पटत? नगा पटवून घिऊ. तुमचं लेकरू असं मांडीवर निपचित पडू द्या, मग सांगा मला.

आवं, त्या खिंडीकडं काय बगतासा सारखं? काय न्हाई तितं. धुरळा आसंल, मेंढरं चालली आसतील कुनाची — बसा. धूर म्हंता? आसंल बाई धूर. कुनी भाकरी — हां, आता लपवून काय हुनार. लावला आसंल तिनं. तेवढ्यासाठीच तुमाला ताक पाजत बसवलंय मगाधरनं, जीव काय थाऱ्यावर हाय व्हय माजा. मीच म्हनलं तिला, पायथ्याला गार्ड बसलाय, तू खिंडीखालच्या वगळीत उतर, तितं कुनाला दिसत न्हाईस, एक काडी वड आन माघारी ये. एरवी आमी नांगरल्या रानात हुबं ऱ्हाऊन लावतो — जाळ वर पळतो, मानूस खाली मोकळं ऱ्हातं. वगळीत मातूर — त्या अरुंद घळीत गवत डोईयेवढं माजलंय, तुमी आल्यापासनं जाळलंच न्हाई कुनी —

सायेब, वारं फिरलं का वो? मगा तर खालनं येत हुतं, पदर वर उडत हुता माजा. आता तोंडावर राख याय लागलीया. वरनं आलं वारं, म्हंजी जाळ खाली — न्हाई, ती निगाली आसंल. शानी हाय शालू. पर दोनी अंगानं दरड हाय, वाट एकच, तीबी बोरीच्या काट्यातनं, आन काखंत पोर — सायेब, आरं लेकरा, ऊठ की. माजं नाव मागनं लिव. मनुबाईनं लावला म्हन, बेड्या घाल, जळली तेवढी रोपं माज्या डोस्क्यावर मार. आदी पळ. माजं गुडघं चढू देत न्हाईत रं, तुजं पाय धडधाकट हायती. खालनं शिरू नगं, आडव्या वाटंनं जा, खिंडीतनं हाक मार तिला, शालू म्हनून मार, वळकीचं नाव ऐकून तरी तोंड काढंल. माज्याकडं काय बगतोस? मी म्हातारी काय जळत न्हाई हितं. जा.