पुष्पांजलीचा पहिला पुश

(नांदुऱ्यात आयशाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मोताळ्याच्या बसनं धावतपळत आलेली पुष्पांजली लॅपटॉपची बॅग अजून छातीशी धरून उभीच आहे.)

पुष्पांजली : पूर्णच जळली का आपा? काहीच नाही निघणार त्यातून?

आयशा : धूर निघाला तेवढा. व्होल्टेज वाढलं अन् आपल्या शेतकरी गटाची मशीन गेली. तू आधी बस, पाणी घे.

पुष्पांजली : बसू कशी? बोंडअळीच्या इशाऱ्याचा सगळा प्रोग्राम तिच्यात होता. सापळ्यात अळीचे पतंग वाढून राह्यले. आज लोकायले मेसेज नाही गेला तर अळी कपाशीच्या बोंडात घुसते. मंग कितीबी फवारा, काय उपयोग? मागच्या साली मामंजीनं उभ्या पऱ्हाटीत मेंढ्या सोडल्या. दोन दिवस जेवले नाहीत ते.

आयशा : माहीत हाये मले. म्हणूनच तर हे काम धरलं ना आपण. त्या बॅगेत काय हाये तुझ्या?

पुष्पांजली : माझा लॅपटॉप. पण त्यात नुसती नक्कल. असल माल तर मशीनवर होता.

आयशा : हेच तर चुकते तुझं. जूनमधी क्लोन करून सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं ना तू?

पुष्पांजली : हाव. अन् दर सोमवारी पुल करून नवं आणत गेली, तुम्ही सांगतलं तसं.

आयशा : मंग अख्खी रिपॉझिटरी तुझ्यापाशी हाये. कोणी काय बदललं, कधी बदललं, पहिल्या ओळीपासून सगळं. माझ्यापाशी बी हाये, जळगाव जामोदले आपल्या गटातल्या अजहरपाशी बी. जळालेली मशीन म्हणजे फक्त देण्याघेण्याचं ठिकाण होतं. आपलं तिथं नेऊन टाकायचं, दुसऱ्याचं तिथून आणायचं. त्यालेच रिमोट म्हणतात.

पुष्पांजली : म्हणजे आमच्या आजेसासूच्या टायमाले देशी सरकीचं होतं तसं! घरोघरी बियाणं राहे. एकाचं किडलं तर शेजारून आणायचं. आता बीटी बियाण्याच्या पाकिटासाठी सारं गाव दुकानापुढं उभं.

आयशा : वाह, पुष्पे! इतके दिवस शिकवून राह्यली मी, पण असं मले नाही सुचलं. आता ऐक. अजहरनं नेटवर नवीन रिमोट उघडला. जुन्या मशीनचा पत्ता काढ, हा टाक.

पुष्पांजली : टाकला.

आयशा : आता पुश कर, तुझं काम तिथं पाठव.

पुष्पांजली : मी? नको आपा. मी आजलोक नुसतं आणलं, पाठवलं कधीच नाही.

आयशा : काऊन? पाठवण्यासारखं काही केलंच नाही का?

पुष्पांजली : केलं ना. मेसेज आपल्या बोलीत लिहिले. 'आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे' असं काही आलं की मामंजी मोबाइल पालथा ठेवतात. कमिट करून माझ्याच लॅपटॉपात नोंदवून ठेवलं, पण पाठवाले भ्या वाटे. तुमचं बिघडलं तर?

आयशा : वाचून दाखव बरं.

पुष्पांजली : 'भाऊ, बाई, पतंग लय वाढले. आजच पऱ्हाटीत जा. फूल न उमलता गुंडाळून राह्यलं असन तर ते डोमकळी. तोडा अन् अळीसकट जाळा. अळी बोंडात गेली नाही, तोवर आपल्या हातात हाये.'

आयशा : या अल्ला! लोकं मेसेज काऊन वाचत नाहीत म्हणून मी डोकं फोडून राह्यली, अन् तू हे दाबून बसली होती? लय झकास लिहिलं. कर पुश.

पुष्पांजली : केलं. आपा, लाल अक्षरं आली! घेत नाही म्हणते. बिघडवलंच म्या!

आयशा : काही नाही बिघडलं. अजहरचं काम तुझ्याआधी पोचलं. ते न घेता तुझं टाकू देत नाही, चांगलंच हाये ना ते? आधी फेच कर. त्यानं त्याचं काम नुसतं येऊन बसते, तुझ्या कामाले हात लागत नाही.

पुष्पांजली : आलं. पतंगाच्या मर्यादेचा हिशोब सुधारला त्यानं. माझ्या मेसेजची फाइल तशीच हाये.

आयशा : मंग मर्ज कर, दोघायचं एक होते. तू सोमवारी पुल करते ना, ते हेच दोन्ही काम एका दमात. आता पुश.

पुष्पांजली : गेलं! आपा, गेलं!

आयशा : गेलंच पाह्यजे. अजहर तिकडून मेसेज सोडते आता. चहा सांगते मी.

(अर्ध्या तासानं.)

पुष्पांजली : चहा थंडा झाला, अन् कोणाचाच फोन नाही. वाचला तरी असन का कोणी? थांबा आपा, मामंजीचाच फोन आला! स्पीकरवर टाकते.

निवृत्ती : सूनबाई, मोबाइलवर काहीतरी आलं व.

पुष्पांजली : वाचलं का मामंजी?

निवृत्ती : पुरं वाचलं. वावरातच होतो. डोमकळ्या हायेत धुऱ्याकडं, बांधाच्या अंगानं, पण थोड्याच. बोंडं फोडून पाह्यली चार जागची. अंदर काही नाही, चांगली हायेत. शेजारच्या वावरातल्या हिंमतरावले आवाज देल्ला, तो बी तोडून राह्यला. पण हे लिहिलं कोनं? घरचंच कोणी बोलल्यावानी वाटलं मले.

आयशा : सांग ना व. काऊन रडून राह्यली?

पुष्पांजली : मामंजी, म्या लिहिलं.

निवृत्ती : तू? ...मंग ठेव फोन. उजेड हाये तोवर पऱ्हाटीच्या उरलेल्या ओळी पाहून घेतो.